चष्म्याला घर शिकवताना

१

आमच्या चष्म्याच्या दुकानात नंबर काढायची खोली मागच्या बाजूला आहे. लांबट, अरुंद, खिडकी नसलेली. एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला उजेडाची पेटी, आणि तिच्यात सरकवायचे अक्षरांचे तक्ते. या खोलीत मी दिवसभर लोकांना एकच प्रश्न विचारते, “हे स्पष्ट, की हे?” भिंग बदलायचं आणि पुन्हा विचारायचं. झोपेतही मी हेच बडबडते, असं नवऱ्याचं म्हणणं आहे.

लोक या खुर्चीत बसून सर्रास थापा मारतात. दिसत नसलं तरी अंदाजाने ठोकून देतात, जशी काही मी त्यांना नापासच करणार आहे. म्हणून मी एक खोड लावून घेतली आहे. कुणी फार भराभर वाचायला लागलं, की मी गुपचूप पेटीतला तक्ता बदलते. थापाड्या लगेच अडखळतो, मग आम्ही दोघंही हसतो आणि कामाला लागतो.

त्या दिवशी एक निवृत्त मास्तर आले होते, कॅमेऱ्याचा चष्मा घालून. तो तेव्हा नवाच निघाला होता. त्याला काचा नसतात. पुढे दोन बारीक कॅमेरे आणि आत डोळ्यांसमोर दोन चिमुकले पडदे. कॅमेरा बघतो, आणि माणूस पडद्यावरचं चित्र बघतो. म्हातारपणी काहींच्या नजरेचा मधला भाग जातो, समोरच्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसता करडा डाग उरतो. हा चष्मा चित्र असं काही सरकवतो, की डागाची जागा भरून निघते. जिथे कॅमेऱ्यालाही नीट दिसत नाही, तिथे तो स्वतःच्या अकलेने भर घालतो.

मास्तर फडाफड वाचत होते. सर्वांत खालची, मुंगीएवढी ओळसुद्धा. मी सवयीने तक्ता बदलला. ते अडखळले नाहीत. आधीच्या तक्त्यावरचीच अक्षरं वाचत राहिले, बोट उचलून एकेक अक्षर दाखवत. मी तक्ता काढूनच घेतला. पेटीत नुसता पांढरा उजेड उरला. मास्तरांनी शेवटची ओळ पूर्ण केली आणि म्हणाले, “छपाई फार सुरेख आहे हो तुमची.”

चष्म्याने आधीचं चित्र धरून ठेवलं असेल, अडकलं असेल, यंत्र आहे, अशी मी मनाची समजूत घातली. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, “गिऱ्हाईक खूश आहे ना? मग तू कशाला उकरून काढतेस?” मी विषय सोडून दिला.

२

खरं सांगायचं तर मलाच तो चष्मा हवा होता. माझ्या सासूबाईंना तोच आजार. मुळात फटकळ बाई. नजर गेल्यावर जीभ आणखीच धारदार झाली. “तुझं तोंड दिसत नाही, तेवढं एक बरं झालं,” असं मला म्हणायच्या, आणि मग हळूच हात पुढे करून माझा गाल चाचपायच्या. नातीचा चेहरा विसरायला होतोय, याचं त्यांना सर्वांत जास्त दुःख होतं. ते त्या बोलायच्या नाहीत, पण मला कळायचं.

चष्मा आणला आणि सुट्टीच्या दिवशी त्याला घर शिकवायला घेतलं. ते करावंच लागतं. कुणीतरी चष्मा घालून घरभर हिंडायचं, प्रत्येक खोली बघायची, कपाटं, पायऱ्या, दाराचे उंबरे, मग घरातली माणसं. प्रत्येकाला पुढून, मागून, बोलताना, हसताना, पाठमोरं जाताना. डोळ्यांच्या बाबतीत आमच्या घरात जाणती मीच, तेव्हा चष्मा मीच चढवला. नवरा सरकारी कागदावरच्या फोटोसाठी उभा राहावा तसा छाती फुगवून उभा. आमची चिंगी जीभ काढून गिरक्या घेतेय. सासूबाई हातात कंगवा मागतायत, “थांब, केस नीट करू दे.” त्या दुपारी आम्ही फार हसलो.

मग चष्मा सासूबाईंना घातला. आधी त्यांनी मुलाकडे बघितलं. “अरे, टक्कल पडायला लागलं की तुला!” मग चिंगीकडे. तिच्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या चिंगीला “हलू नको, हलू नको” म्हणत होत्या.

“आणि मी?” मी म्हणाले.

त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. “तू कुठे आहेस?”

“अहो, ही काय, समोर.”

त्यांची नजर माझ्यावरून फिरली, बाजूला गेली, आणि तिथे थांबली. चेहरा खुलला. “हो गं, दिसलीस,” त्या म्हणाल्या.

३

आमच्या स्वयंपाकघरात टेबलाभोवती चार खुर्च्या आहेत. त्यातली खिडकीकडची नावालाच माझी. मला बसायला मिळतं कधी? तिच्यावर कायम इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग असतो आणि मी ओट्याशी उभी.

सासूबाई आता माझ्याशी गप्पा मारायला टेबलापाशी येऊन बसायच्या. मी ओट्याशी भाजी चिरत असायची, त्या बोलत असायच्या. एकदा मागे वळून बघितलं, तर त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. खिडकीकडच्या खुर्चीकडे तोंड करून, हातवारे करत, रंगात येऊन बोलत होत्या.

मी घाबरले नाही. डोळ्यांचं काम करणारीला हे नवीन नाही. नजरेचा मधला भाग गेला, की माणसं बाजूच्या भागाने बघायला शिकतात. मीच शिकवते त्यांना, ‘समोरच्याच्या कानाकडे बघा, म्हणजे चेहरा दिसेल.’ चष्मा मिळाला तरी जुनी सवय लगेच थोडीच मोडते? कांदा चिरून होईपर्यंत मी स्वतःला हे सगळं नीट समजावून सांगितलं.

“केस मोकळे सोडलेस ते बरं केलंस,” सासूबाई म्हणाल्या. “तुला शोभतात.”

माझा हात आपोआप मानेकडे गेला. केस नेहमीसारखे वर बांधलेले होते, त्यात पेन्सिल खोचलेली. कामात असले की मी हाताला लागेल ते खोचते.

मी सुरी खाली ठेवली. चपला काढल्या आणि आवाज न करता ओट्यापासून दाराशी गेले. बाजूने बघायची सवय असेल, तर मी हलले की नजरही हलणार. ती हलली नाही. मी टेबलाला वळसा घालून अगदी त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. त्या खुर्चीकडे बघून बोलतच होत्या. मध्येच थांबत होत्या, मान डोलवत होत्या, आणि पुढे बोलत होत्या. दुसऱ्याचं म्हणणं ऐकून घेताना आपण थांबतो, तितकंच थांबत होत्या.

“आई,” मी त्यांच्या डोक्यामागून विचारलं, “मी आत्ता काय करतेय?”

त्या खुर्चीकडे बघून हसल्या. “ऐकतेयस. हल्ली ऐकतेस बाई. पूर्वी तुझं अर्धं लक्ष भांड्यांत.”

ते मला लागलं, कारण खरं होतं. मग मी खुर्चीकडे बघितलं. खुर्चीवर इस्त्रीचे कपडे होते. फक्त कपडे. मी दोनदा बघितलं.

४

त्यानंतर तो चष्मा बघता बघता सगळीकडे झाला. चांगल्या डोळ्यांच्या लोकांनाही हवासा झाला, कारण त्यातून जग नेटकं दिसतं. आमच्या समोरच्या औषधवाल्याच्या भिंतीचे पोपडे कुणालाच दिसेनासे झाले. ‘रंगवून घ्या की’ असं मी त्याला सहज म्हणाले, तर तो खराखुरा दुखावला. फुटपाथवर लोक काहीच नसलेल्या जागी वळसा घ्यायला लागले, आणि कचऱ्याच्या ढिगातून मात्र सरळ चालत जायचे, कपाळावर आठीही न पाडता. दुकानात मी गिऱ्हाइकांना चष्मा काढायला सांगायची, तेव्हा आंघोळीला कपडे काढायला सांगितल्यासारखी ती संकोचायची.

नवऱ्याला त्याच्या कामावर मिळाला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. वायर कुठून कुठे गेलीय ते चष्म्यातच दिसतं म्हणून सगळ्या कामगारांना दिला. चिंगीच्या शाळेत तर धडेच त्यातून सुरू झाले. मी बाईंना जाऊन भेटले, वाद घातला. बाई चष्मा घालूनच बसल्या होत्या. “सगळ्या वर्गात एकटी तुमची मुलगी मागे राहील,” त्या माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाल्या. मला नाही म्हणता आलं नाही.

एका घरातले चष्मे एकमेकांशी आपोआप जोडले जातात. एकाला जे शिकवलं ते सगळ्यांना येतं. फार सोयीचं आहे, असं नवरा म्हणाला.

माझा चष्मा नव्हता. मी दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघते, मध्ये पडदा ठेवून मला ते जमत नाही.

त्या संध्याकाळी मी जेवण वाढत होते. ऊन अजून खिडकीत होतं. चिंगी शाळेचा चष्मा न काढताच आली, खिडकीकडच्या खुर्चीवरचे कपडे उचलले आणि पलंगावर नेऊन टाकले. चिंगी आणि न सांगता काम! मी कौतुकाने बघत होते. मग तिने ताटं मांडली. एक आजीला, एक बाबाला, एक स्वतःला, आणि एक त्या खुर्चीसमोर.

“मी नंतर जेवते गं,” मी म्हणाले. “गरम गरम वाढायचंय तुम्हाला.”

कुणी वर बघितलं नाही. नवऱ्याने पाण्याचा पेला भरून खुर्चीकडे सरकवला. “खूप दमलीस ना आज?” तो प्रेमाने म्हणाला. इतक्या प्रेमाने तो माझ्याशी कधी बोलला होता ते मला आठवेना. सासूबाई हसत होत्या. चिंगीने खुर्चीच्या बाजूला डोकं कलतं केलं आणि मिटक्या मारत शाळेतलं काहीतरी सांगायला लागली.

मी हातातला डाव पातेल्यावर आपटला. “माझी थट्टा चालवलीय का सगळ्यांनी मिळून?”

तिघंही दचकले. तिघांनीही आधी खुर्चीकडेच बघितलं. मग नवऱ्याने चष्मा काढला, डोळे चोळले, आणि भिरभिरत्या नजरेने मला ओट्यापाशी शोधून काढलं.

“तू तिकडे कधी गेलीस?” तो म्हणाला.

५

कंपनीचा माणूस महिन्यातून एकदा आमच्या दुकानात येतो. हसतमुख, तरुण, गुळगुळीत बोलणारा. मी त्याला मागच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

“घर कुणी शिकवलं?” त्याने विचारलं.

“मी.”

“मग तुम्हाला कुणी बघितलं?”

साधी गोष्ट. इतकी साधी, की मला आधी हसूच आलं. सगळ्यांना पुढून-मागून दाखवणारी मी, आणि चष्मा माझ्याच नाकावर. त्या दुपारी घरातलं प्रत्येक भांडंसुद्धा त्याने बघितलं होतं, फक्त मला नाही.

“होतं असं,” तो म्हणाला. “बहुतेक घरांत होतं. शिकवणारा राहून जातो. आणि तुमच्याकडे काय झालं, की घरात तुमचा आवाज आहे, तुमचे कपडे आहेत, सगळे तुमच्याशी बोलतायत. म्हणजे तिथे कुणीतरी असणार, असं त्याने धरलं आणि ती जागा भरली.”

“आणि मी समोर उभी असते ती?”

“तुम्ही ओळखीच्या नाही. अनोळखी वस्तू मध्ये आली की तो पुसून टाकतो, नजरेला त्रास नको म्हणून.” त्याने जीभ चावली. “सोपं आहे ताई. यजमानांना सांगा, एकदा तुम्हाला सगळीकडून नीट बघू दे. काम झालं.”

“बहुतेक घरांत होतं म्हणालात. त्या घरांत पुढे काय होतं?”

तो हसला. “कुणी तक्रार केलेली नाही अजून,” तो म्हणाला, आणि बॅग उचलून निघाला.

दुकानातून घरी जाताना मी रस्त्यावरच्या बायकांकडे बघत होते. ज्या बिनचष्म्याच्या होत्या त्यांच्याकडे. फार थोड्या होत्या, आणि सगळ्या भिंतीच्या कडेकडेने चालत होत्या.

६

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला खोलीच्या मधोमध उभं केलं, स्वतः कपाटापुढे उभी राहिले. भर उजेड होता, पडदे सारलेले.

“बघ मला,” मी म्हणाले. “सगळीकडून.”

त्याने चष्मा घातला. “कपाट दिसतंय.”

“मी कपाटापुढे उभी आहे.”

“पूर्ण कपाट दिसतंय गं. दाराची मूठसुद्धा.” त्याचा आवाज बारीक झाला. “तू खरंच तिथे आहेस ना? की चेष्टा करतेयस?”

“हात पुढे कर.”

त्याने हात पुढे केला. बोटं माझ्या गालाला लागली आणि तो किंचाळला. हात मागे घेतला, छातीशी धरला, चटका बसल्यासारखा. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या गालाला हात लावून कुणी किंचाळलं नव्हतं. मला रडूच फुटलं.

“रडू नकोस,” तो म्हणाला. पण ते त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत म्हटलं.

“ती तिथे आहे?” मी विचारलं.

चष्म्यातून बारीक सूचना ऐकू आली, ती मीही ऐकली. ही व्यक्ती आधीपासून घरात आहे, असं तो चष्मा गोड आवाजात सांगत होता. नवऱ्याने चष्मा काढून खिशात टाकला. त्यानंतर कितीतरी वेळ त्याची उघडी नजर खोलीभर फिरत होती. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते. त्याला मी सापडेपर्यंत मी श्वास रोखून उभी राहिले.

आम्ही ठरवलं, घरात चष्मा घालायचा नाही. चिंगीने शाळेतून आल्यावर काढून ठेवायचा. सासूबाईंना मात्र कसा काढायला लावणार? त्यांना पुन्हा त्या करड्या डागात ढकलायचं म्हणजे पापच. तेवढा एक राहू दे, असं मीच म्हणाले.

पण नवरा घरी आला की आधी खुर्चीकडे बघायचा, मग दचकून मला शोधायचा. थोड्या दिवसांनी त्याचं दचकणं कमी झालं. ‘ताण आहे’, ‘सवय आहे’, ‘मोडेल’, असं मी स्वतःला सांगत राहिले. एकदा अंधूक दिसायला लागलेल्या नजरेलासुद्धा चांगल्या चष्म्याची सवय व्हायला वेळ लागतोच ना, मग ती सुटायला का नाही लागणार? सासूबाईंचं एक वेळ ठीक, नवऱ्याचंही मी सोसलं असतं. पण चिंगी? मला भीती वाटत होती ती चिंगीची. ती माझ्याकडे बघायची तेव्हा मी मनात मोजत बसायची, सरळ बघितलं की शोधून बघितलं.

७

रविवारच्या दुपारी सासूबाई झोपल्या होत्या. चष्मा उशाशी होता. नवरा बाहेर गेला होता. स्वयंपाकघरातून चिंगीच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता, चित्रं काढताना ती गुणगुणते तसा.

मी तो चष्मा उचलला आणि घातला. बघून तर घेऊ, म्हटलं. जे लोकांना दिसतं ते मला का दिसू नये?

खोली स्वच्छ झाली. छताला आलेली ओल गेली. सासूबाईंच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मऊ झाल्या. मी माझे हात डोळ्यांसमोर धरले. हात नव्हते. बोटं एकमेकांत गुंफली, ती मला जाणवत होती, आणि समोर मात्र चादरीवरची फुलं दिसत होती, एकही पाकळी झाकली न जाता. भिंतीला धरून, दिसत नसलेल्या हाताने भिंत चाचपत, मी दाराशी गेले.

स्वयंपाकघरात ऊन आलं होतं. चिंगी जमिनीवर कागद पसरून बसली होती, मागे रेलून. पाठीमागे खुर्ची. खुर्चीत गुडघे. तिचं डोकं त्या गुडघ्यांवर टेकलेलं, आणि तिच्या केसांवर एक हात. हात सावकाश फिरत होता. नखं स्वच्छ होती. माझ्या हातांना कायम भिंगं पुसायच्या द्रवाचा वास असतो, नखं कोरडी पडलेली. त्या हाताला काही काम केल्याची खूण नव्हती.

वर मोकळे केस होते. चेहरा खाली, चिंगीच्या चित्राकडे. माझ्या पायाखालची फरशी किंचित वाजली.

केस हलले. चेहरा माझ्याकडे वळायला लागला, घाई न करता. कानाची पाळी दिसली, गालाची कड, आणि गालापलीकडे जिथे नाक सुरू व्हायला हवं तिथे, मास्तरांच्या वेळी माझ्या पेटीत शेवटी उरला होता तसा, नुसता उजेड.

मी चष्मा ओढून काढला. खुर्ची रिकामी होती. मी मोठ्याने श्वास सोडला. मग चिंगीकडे लक्ष गेलं. तिच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, तो दप्तराजवळ पडला होता. आणि ती अजून तशीच मागे रेललेली होती. पाठ वाकडी, डोकं मागे टाकलेलं, खुर्चीच्या पायांपासून वीतभर पुढे. त्या जागी तिला टेकायला काहीही नव्हतं. पोरं कशीही बसतात, मी मनाशी म्हणाले. पोरांची पाठ लवचिक असते. मग तिच्या कपाळावरची बट आपोआप मागे सरली.

८

सगळे चष्मे मी गोळा केले. चिंगीचा, नवऱ्याचा. सासूबाईंचा घ्यायला गेले तेव्हा आता शिव्या बसणार म्हणून मी मनाची तयारी केली होती. हात जोडायची, पाया पडायची माझी तयारी होती.

“ने ना,” त्या निवांतपणे म्हणाल्या. “मला आता लागत नाही तो.”

सोमवारी दुकानात पोचल्याबरोबर मी ते मागच्या खोलीतल्या कपाटात ठेवले आणि कुलूप लावलं. दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं. ‘हे स्पष्ट, की हे?’ असं विचारायची आणि उत्तर ऐकायचीच नाही. शेवटी मालकांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि उजेड असतानाच निघाले. रस्ता मी जवळजवळ पळतच काढला. मनात एकच होतं, घरी जायचं आणि चिंगीला उचलून घ्यायचं. मोठी झालीय, लाजेल, तरी उचलायचं.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज येत होता. मी दारात जाऊन उभी राहिले.

तिघं टेबलाभोवती बसली होती. कुणाच्याही डोळ्यांवर चष्मा नव्हता. खिडकीकडची खुर्ची टेबलापासून थोडी मागे सरकवलेली, माणूस बसलं की असते तशी. सासूबाई चहाच्या कपावर फुंकर घालत होत्या. नवऱ्याची माझ्याकडे पाठ होती.

चिंगीने मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघितलं. शोधलं नाही, चाचपडली नाही. सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. मला फार आनंद झाला. मी दाराची चौकट धरली. पाहिलं तिने मला, दिसतेय मी, एवढंच मनात घोळत होतं. मी हात पसरले.

चिंगीचा चेहरा आक्रसला. ती खुर्चीवरून उतरली, टेबलामागे सरकली आणि रिकाम्या खुर्चीला बिलगली.

“आई,” ती खुर्चीला म्हणाली, “दारात ती बाई कोण आहे?”

नवऱ्याने वळून बघितलं. त्यालाही मी दिसले. तो अर्धवट उठला, परक्या माणसासमोर उठतो तसा, शर्ट सारखा करत. “आपल्याला कोण पाहिजे?” तो म्हणाला.

मला ओरडायचं होतं. तोंड उघडत नव्हतं. नंतर लोक म्हणतील, तूच बोललीस, घाबरलेल्या माणसाला आपण काय बोललो ते कळत नाही. म्हणून सांगते, मी तेव्हा दोन्ही हात तोंडावर धरले होते. माझे ओठ माझ्या तळव्यांखाली घट्ट मिटलेले होते.

आणि खिडकीकडून माझा आवाज आला. माझाच, पण न दमलेला.

“कुणी नाही गं बाळा,” तो म्हणाला. “घाबरू नकोस. मी आहे ना.”

चिंगीने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा खुर्चीकडे. मग तिचे खांदे सैल झाले, आणि चेहरा हळूहळू शांत झाला, आईने सांगितल्यावर होतो तसा.